बासरीचं सोवळं

गेल्या महिन्यात दादरला एका कार्यशाळेला जाऊन आले. विषय होता "बासरी आणि ध्यान". कोणी भरवली होती, ते सांगत नाही. एकतर कुणा एकाचं नाव घेऊन त्याला बोल लावण्यात मला रस नाही, आणि दुसरं म्हणजे असे कार्यक्रम हल्ली इतके झाले आहेत की माझा राग एका माणसावर काढून संपणारही नाही. पण राग आला, हे खरं. महिना झाला तरी उतरला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आधी माझी बासरी कुठून आली ते सांगते. जन्म गिरगावातल्या चाळीतला, पस्तीस वर्षं लालबागच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. वय आता पंचाहत्तरच्या पुढे. घरात सगळे गाणं ऐकणारे, वाजवणारं कोणी नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघंही करोनाने आजारी पडलो. हे गेले. मी राहिले. डॉक्टरांनी छातीसाठी तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या. दोन गोळ्या चढत, तिसरी काही केल्या हलत नसे. त्या रिकाम्या घरात ती न हलणारी निळी गोळी बघून मला रडू यायचं. पुढे केव्हातरी दादर स्टेशनबाहेर, काठीला बासऱ्या खोचून उभ्या असलेल्या फेरीवाल्याकडून एक बासरी घेतली. म्हटलं, श्वासच घ्यायचा आणि सोडायचा आहे ना, मग निदान त्यातून काहीतरी ऐकू तरी येऊ दे!

पंधरा दिवस नुसती फुरफुर. फुंकून फुंकून घेरी यायची. सूर लागला तेव्हा लक्षात आलं की बासरीच बेसूर आहे.

त्याच सुमारास स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. प्लंबर आला. पन्नाशीचा गृहस्थ. हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "बाई, ओळखलंत का?" माझाच विद्यार्थी! लालबागचा. आता त्याचंही नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. टेबलावरची बासरी त्याने उचलली, एकदा फुंकली आणि हसला. म्हणाला, "बाई, हिची भोकं अंदाजाने पाडली आहेत. तुमच्या बोटांना पुरणारी मी करून देतो." पुढच्या रविवारी तो पाऊण इंची पांढऱ्या पाईपची बासरी घेऊन आला. एका टोकाला आत बूच बसवलेलं, सहा भोकं आणि एक फुंकण्याचं. भोकं आधी लहान पाडायची आणि मग कानशीने थोडी थोडी वाढवायची, कारण भोक वाढलं की सूर चढतो, चढलेला सूर मात्र परत खाली आणता येत नाही. हे त्याने मला समजावून सांगितलं. माझ्या बोटांना संधिवात, म्हणून तिसरं आणि सहावं भोक त्याने थोडं बाजूला सरकवलं होतं. वरची तीन भोकं झाकली आणि स्वच्छ "सा" आला. मंडळी, दीड वर्षात त्या घरात लागलेला तो पहिला सूर होता.

तर, त्या कार्यशाळेला मी त्याला आग्रहाने घेऊन गेले. दोघांची फी मी भरली. तो येत नव्हता. "आपलं तिथे काय काम, बाई?" म्हणत होता. मीच ओढून नेलं.

मार्गदर्शक गृहस्थ चांगले बोलत होते. पहिला तासभर ते जपानच्या शाकुहाची नावाच्या बासरीबद्दल बोलले. ती वाजवणारे झेन भिक्षू, एका सुरात बुद्धत्व, फुंकणं हेच ध्यान, वगैरे. मग आपल्याकडे वळले. श्रीकृष्ण, पोकळ वेळू, अहंकाराचा त्याग. सगळं छान. मग म्हणाले, आपापल्या बासऱ्या काढा. माझ्या शेजारच्या माणसाने पिशवीतून पांढरा पाईप काढला. ते थांबले. हातात घेऊन सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "हा प्लंबिंगचा पाईप आहे. ह्यात प्राण नाही. बांबू जिवंत असतो." लोक हसले. मागच्या टेबलावर बांबूच्या बासऱ्या विकायला मांडून ठेवलेल्या होत्याच. त्याने पाईप घेतला आणि पिशवीत ठेवला. नंतर दोन तास तो हात मांडीवर ठेवून बसून होता. अहंकाराच्या त्यागावर बोलणाऱ्या माणसाने पाच मिनिटांत एका माणसाचा सूर बंद केला, आणि हे त्या खोलीत कुणालाच विसंगत वाटलं नाही.

आता मी जुनी शिक्षिका. कोणी इतिहास सांगितला की घरी येऊन ताडून बघायची खोड आहे.

शाकुहाचीचा इतिहास मनोरंजक आहे. एक शाकु आठ सुन, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर ही तिची प्रमाण लांबी, आणि तेच तिचं नाव. पुढे चार भोकं, मागे एक. ती वाजवत भिक्षा मागणारे फुके पंथाचे भिक्षू डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालत, चेहरा पूर्ण झाकलेला. त्यांना म्हणत कोमुसो. इथपर्यंत मार्गदर्शकांचं बरोबर. जे त्यांनी सांगितलं नाही, ते असं. ह्या पंथात प्रवेश सामुराई घराण्यातल्यांनाच होता. ही बासरी आमचं धर्मसाधन आहे, इतरांनी ती वाजवू नये, असा त्यांचा दावा होता. त्या हक्कासाठी ते शोगुनच्या सरकारची म्हणून जी जुनी सनद दाखवत, ती बनावट असावी असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे "हे आध्यात्मिक वाद्य आहे" ह्या वाक्याचा व्यवहारातला अर्थ होता, "हे आमचं आहे, तुमचं नाही"! १८७१ मध्ये मेइजी सरकारने तो पंथच बंद केला. तरी शाकुहाची मेली नाही. का? कारण नियम काहीही असोत, अठराव्या शतकातल्या किन्को कुरोसावासारख्या वादकांपासून ती सामान्य नागरिकांनाही शिकवली जात होती. ज्यांना सोवळ्याने बाहेर ठेवायचं होतं, त्यांनीच ती जगवली.

मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही. मी गिरगावात वाढलेली बाई. सोवळं म्हणजे काय, हे मला जपानकडून शिकायला नको. आजीच्या सोवळ्यात निदान पाणी, धाबळी आणि चूल एवढंच येत असे. ह्यांच्या सोवळ्यात श्वाससुद्धा येतो.

आपल्याकडचंच बघा. पेटी! रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. कारण अगदीच खोटं नव्हतं. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर बांधलेले असतात. रवींद्रनाथांनाही ती नको होती. वाद म्हणून हा वाद योग्यच आहे. पण ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत लालबाग-परळच्या चाळींतली भजनं थांबली का? कोकणातून आलेला गिरणी कामगार रात्रपाळी नसेल त्या दिवशी पेटी पुढे ओढून बसायचाच. गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने ज्या वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला, ते वाद्य रेडिओला चालत नव्हतं आणि विठोबाला चालत होतं. पुढे १९५२ मध्ये माहिती खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर (आपलेच मराठी गृहस्थ!) ह्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास घालवलं. लोकांनी काय केलं? सिलोन लावलं.

आणि बासरी? आज जी "परंपरागत आध्यात्मिक" बासरी म्हणून मिरवली जाते, ती मोठी मैफलीची बासरी किती जुनी आहे? पन्नालाल घोष १९४० मध्ये मुंबईत आले, ते सिनेमासाठी. १९४२ च्या "बसंत"ला त्यांचं संगीत आहे. बासरी तोवर गुराख्याची, जत्रेतली, फार तर नाटकातल्या साथीची. पन्नालालजींनी ती सुमारे बत्तीस इंचांपर्यंत वाढवली, सातवं भोक पाडलं आणि तिच्यावर ख्यालाच्या अंगाने राग मांडला. त्यांनी धातू आणि वेगवेगळी लाकडं वापरून पाहिली आणि मग ते बांबूवर स्थिरावले, असं सांगतात. लक्षात घ्या, ते बांबूकडे कानाने आले. पोथीने आले नाहीत. हरिप्रसाद चौरसिया पहिलवानाचा मुलगा. "शिव-हरी" ह्या जोडीतले हरी ते हेच. "सिलसिला" (१९८१) आणि "चांदनी" (१९८९) ह्यांचं संगीत ह्या जोडीचं. त्यांच्या बासरीतला प्राण यश चोप्रांच्या स्टुडिओत गेल्यावर उडाला नाही, हे आपण सगळे जाणतो.

राहिला बांबूच्या जिवंतपणाचा प्रश्न. अहो, आसामातून तोडून आणलेला, महिनोन् महिने वाळवलेला, तापल्या सळीने भोकं पाडलेला बांबू जिवंत कसा? बासरीत जो हलतो, तो आतला हवेचा स्तंभ. सूर ठरतो तो नळीची लांबी, आतला व्यास, भोकांची जागा, त्यांचा आकार आणि फुंकणाऱ्याचे ओठ ह्यांवर. जॉन कोल्टमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये ह्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आतून सारख्याच मापाच्या तीन बासऱ्या, एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना आवाजावरून त्या ओळखता आल्या नाहीत. म्हणजे "ह्यात प्राण नाही" हे वाक्य अध्यात्माचं वाटलं, तरी खरं तर ते किंमतीचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग काहीही चालेल का? गुरू नको, रियाज नको, चांगलं वाद्य नको?

नाही. तसं मी म्हणत नाही. चांगली बांबूची बासरी हातात घेतली आहे मी. तिचं वजन, ओठाला लागणारा तिचा कड, घामाने न निसटणारी तिची पकड, हे सगळं सुखाचं आहे, आणि ती बनवणाऱ्या कारागिराला भरपूर पैसे मिळावेत. कठोर शिकवणीलाही माझा विरोध नाही. अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेलेल्या हरिप्रसादांनी आपली निष्ठा पटवायला बासरी उजवीकडून डावीकडे घेतली, म्हणजे कमावलेलं सगळं पुसून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. ती शिस्त. शिस्त माणसाला सांगते, "तुझा मध्यम चढा लागतोय, पुन्हा लाव." शिष्टपणा सांगतो, "तू इथे कसा?" शिस्तीचं बोट चुकीवर असतं, शिष्टपणाचं माणसावर. त्या दिवशी त्या गृहस्थांनी पाईप फुंकून बघितला असता, त्याचा सूर कमी-जास्त आहे असं सांगितलं असतं, तर मी हात जोडले असते. त्यांनी तो फुंकलाच नाही!

आणि अध्यात्माच्या नावाखाली केलेला शिष्टपणा साध्या शिष्टपणापेक्षा वाईट. श्रीमंताने तुमची चप्पल बघून नाक मुरडलं तर तुम्ही मनात दोन शिव्या घालू शकता. पण "तुमच्यात प्राण नाही, तुम्ही अजून तयार नाही" असं मंद हसत सांगितलं की समोरच्याला स्वतःचाच संशय येतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण उत्तर दिलं की तो अहंकार ठरतो. ही युक्ती जुनी आहे. आपल्या महाराष्ट्राने तिच्याशी सातशे वर्षं भांडण केलं आहे. चोखोबा पायरीशी राहिले. पंढरपूरचं देऊळ सर्वांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात एका शाळामास्तरला, साने गुरुजींना, उपोषणाला बसावं लागलं. आणि गाडगेबाबांच्या हातात काय होतं? काठी आणि फुटकं गाडगं. त्यात प्राण होता की नव्हता, हे कुठल्या कार्यशाळेत ठरवणार?

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. मी एका बाजूला, शिष्ट लोक दुसऱ्या बाजूला. पण तसं नाही.

१९८४ सालची गोष्ट. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि कधी संपला हे नीट कुणालाच सांगता येत नाही. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. माझ्या सहावीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले. कुणाची आई खानावळ चालवायची, कुणाचा भाऊ भाजी विकायचा. मुलं मधल्या सुट्टीत डबा नाही म्हणून पाणी पिऊन खेळायची. त्यातला एक मुलगा पायजत्रेतल्यासारखी स्वस्तातली बासरी घेऊन आला आणि वर्गात "हिरो" सिनेमातली ती धून वाजवली. सगळी मुलं गोळा झाली होती. मी वर्गात शिरले आणि बासरी काढून घेतली. एवढंच केलं असतं तर ती शिस्त झाली असती. पण मी म्हणाले, "बासरी देवाचं वाद्य आहे. असल्या गाण्यांसाठी नाही. आधी लायकी आण." हेच शब्द. मला आठवतात. तेव्हा मला "सिलसिला"चे संगीतकार कोण, हे ठाऊक नव्हतं, असं नाही. ठाऊक होतं. पण ते मोठे होते ना!

बासरी माझ्या कपाटात राहिली. त्याने मागितली नाही. जूनमध्ये कपाट आवरताना सापडली, तोवर तो गावी गेला होता. वडिलांची गिरणी बंद, मुंबईचं भाडं परवडत नाही, म्हणून अर्धं कुटुंब कोकणात परत. त्याची शाळा तिथेच कुठेतरी सुटली.

तो मुलगा म्हणजेच माझा हा प्लंबर.

कार्यशाळेतून बाहेर पडल्यावर आम्ही कबुतरखान्याच्या बाजूने स्टेशनकडे चालत होतो. मी म्हणाले, "फार वाईट वाटलं रे मला." तो म्हणाला, "जाऊ द्या बाई, सवय आहे." मी थांबले आणि चौऱ्याऐंशीची ती गोष्ट काढली. मला वाटलं होतं, तो विसरला असेल. तो म्हणाला, "म्हणून तर पाईपची बनवायला लागलो. पाईप कोणी देवाचा आहे म्हणत नाही."

ह्याच्यावर मी काय बोलणार? गर्दीत, स्टेशनच्या पुलावर, मी त्याची माफी मागितली. त्याला फार अवघडल्यासारखं झालं. "बाई, गाडी जाईल," एवढंच म्हणाला.

त्याची आई परळच्या टाटा रुग्णालयात होती, तेव्हा तो रात्री समोरच्या फुटपाथवर बसून वाजवायचा, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. तिथे परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक पथारी टाकून असतात. कोणी बिहारचे, कोणी बंगालचे. तो सिनेमाची गाणी वाजवायचा, आणि लोक सांगायचे, अजून एक वाजव. त्याला कोणी ध्यान म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही.

मला एक गोष्ट आठवते. अमेरिकेने १९७७ मध्ये अवकाशात व्हॉयेजर याने सोडली, त्यांच्यात पृथ्वीच्या आवाजांची एक सोनेरी तबकडी आहे. त्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर गोरो यामागुची ह्यांची शाकुहाची आहे. आणि त्यांच्याच पंगतीला चक बेरीचं रॉक अँड रोलसुद्धा आहे! तिघंही एकाच तबकडीवर, सूर्यमालेच्या पलीकडे जायला निघाले आहेत. तिथे कुणी कुणाला बाजूला सरकायला सांगितलेलं नाही.

तेव्हा कार्यशाळा भरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. जपान सांगा, कृष्ण सांगा, फीसुद्धा घ्या. पण दारात आलेल्या माणसाचं वाद्य आधी फुंकून बघा. मग बोला. आणि हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या बाईने फुंकून न बघता बासरी कपाटात टाकली, ती हे सांगते आहे.

असो. फार लांबलं. तो मला आता "हिरो"तली ती धून शिकवतो आहे. वरच्या सप्तकात माझा श्वास पुरत नाही. तो म्हणतो, "बाई, पुन्हा." मी पुन्हा वाजवते.